हिस्टॉलॉजीतला माग, फुलातला ताणा: शरीराच्या आणि झाडांच्या ग्रीक शब्दांतलं विणकाम

लॅबवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बायोप्सीचा तुकडा आला की त्याचा मेणातला ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून ते काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे माझं रोजचं काम. याला हिस्टॉलॉजी म्हणतात हे डिप्लोमाच्या पहिल्या दिवशीच वहीत लिहून घेतलं होतं. 'हिस्टो म्हणजे टिश्यू, लॉजी म्हणजे शास्त्र.' परीक्षेपुरतं तेवढं पुरलं.

पण माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं. पुढच्या खोलीत दोन माग आणि मागच्या खोलीत आम्ही. लहानपणी मागाच्या खटखटाटात झोप लागायची आणि रात्री माग थांबला की जाग यायची. म्हणून 'हिस्टोस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ जेव्हा वाचला, तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं. हिस्टोस म्हणजे माग.

त्याआधीचा अर्थ उभा खांब, जहाजाची डोलकाठी. जुन्या ग्रीकांचे माग उभे असत. दोन खांब, त्यांवर आडवी दांडी, दांडीवरून खाली सोडलेले धागे, आणि ते ताठ राहावेत म्हणून टोकांना बांधलेली मातीची वजनं. खांबाचं नाव मागाला मिळालं, मागाचं नाव मागावरच्या कापडाला. शब्दाच्या मुळाशी 'उभं राहणं' आहे, आपल्या संस्कृत 'स्था'शी सख्खं नातं असलेलं.

फ्रान्समध्ये १८०० च्या सुमारास झेवियर बिशा नावाच्या तरुण डॉक्टरनं शेकडो शवं तपासून असं मांडलं की अवयव वेगवेगळे दिसले तरी ते मोजक्याच विणींचे बनलेले असतात. त्यानं असे २१ प्रकार सांगितले, आणि तेही सूक्ष्मदर्शक न वापरता. त्याचा शब्द होता 'तिस्यू', फ्रेंचमध्ये विणलेलं कापड. तोच आपला टिश्यू. बिशा १८०२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. १८१९ मध्ये जर्मनीतल्या मायर यांनी या अभ्यासाला हिस्टॉलॉजी हे ग्रीक नाव दिलं. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात काय आहे? 'ऊती'. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे, त्यावरून ऊत म्हणजे विणलेलं. 'ओतप्रोत' मधला ओत हाच. फ्रेंच, ग्रीक, मराठी, तिन्हीकडे शरीराकडे बघून कापडच आठवलं.

पुढची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. आम्ही काप रंगवतो तो जांभळा-निळा रंग हिमॅटॉक्सिलिन. हैमा म्हणजे रक्त, झायलॉन म्हणजे लाकूड. मेक्सिकोकडच्या एका झाडाचा गाभा कापला की लालभडक दिसतो, म्हणून झाडाचं नाव रक्तलाकूड. लॅबमध्ये येण्याच्या कितीतरी आधी हा रंग कापड रंगवायला युरोपात जात होता. नुसता लावला तर धरत नाही, त्याला तुरटीची जोड लागते. आमच्या बाटलीतही तुरटी असते. रंगारी सुतावर जे करत आले तेच आम्ही पेशींच्या केंद्रकावर करतो. दुसरा गुलाबी रंग इओसिन, इओस म्हणजे पहाट. स्लाइड उजेडाला धरली की ते नाव पटतं.

आणि 'मायक्रोटोम' मधला टोम म्हणजे कापणं. अ‍ॅनाटॉमीतही तोच.

तुमच्या विषयांत असे मागावरून आलेले शब्द असतील तर लिहा. वनस्पतिशास्त्रवाल्यांची विशेष वाट बघतेय.

मेडिको_सेकंडइयर

ताई, सुंदर धागा. आम्हाला हे कुणी असं सांगितलंच नाही. एक शंका. हिस्टरेक्टॉमी, हिस्टेरिया, हिस्टरी, हिस्टमिन, हे सगळे हिस्टोसचेच का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद झालाय.

लॅबवाली_सोलापूर

@मेडिको, नाही, यांत तीन वेगळी घराणी आहेत. हिस्टरेक्टॉमी आणि हिस्टेरिया 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशयावरून. हिस्टरी 'हिस्टोरिया' वरून, चौकशी करून मिळवलेली माहिती. रुग्णाची हिस्टरी घेणं हा वापर म्हणूनच मूळ अर्थाला अगदी धरून आहे. हिस्टमिन मात्र आमचं, हिस्टोस अधिक अमीन. सर्दीला अँटीहिस्टमिन गोळी घेता ना, तिच्या नावात माग आहे.

बॉटनीवाले_सर

वाट बघितलीत, तर आलो.

सुरुवात पुंकेसरापासून करतो. इंग्रजीत स्टेमेन म्हणतात, तो लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ उभ्या मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे. ग्रीक भाऊ 'स्टेमॉन', अर्थ तोच. तुम्ही वर सांगितलेलं 'उभं राहणं' याही दोघांच्या मुळाशी आहे. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. उन्हानं डांबर मऊ झालंय आणि रस्त्याकडेला गुलमोहर पेटलाय. एक फूल तोडा. पाच पाकळ्या, आणि मधून दहा लांब लाल तंतू बाहेर आलेले, टोकाला परागकोश. लहानपणी आपण हेच तंतू एकमेकांत अडकवून कोंबड्यांची झुंज खेळायचो, ज्याचं डोकं तुटेल तो हरला. ते दहा धागे म्हणजे ताणा.

गुलमोहराचं शास्त्रीय नाव डेलोनिक्स रेजिया. डेलोस म्हणजे उघड दिसणारं, ऑनिक्स म्हणजे नख. पाकळी तळाशी एकदम निमुळती होऊन देठासारखी होते, त्या भागाला वनस्पतिशास्त्रात नखर म्हणतात, आणि गुलमोहरात तो स्पष्ट दिसतो. वैद्यकातही हेच नख आहे. नखुरड्याला पॅरोनिकिया म्हणतात, पॅरा म्हणजे शेजारी, नखाशेजारचं दुखणं.

परागकोशाच्या आत परागकणांना पोसणारा एक थर असतो, टॅपेटम. ग्रीक 'टापेस' म्हणजे सतरंजी, जाजम. खोलीत अंथरावं तसा हा थर आतून अंथरलेला असतो, आणि पराग तयार होता होता तो स्वतः विरून जातो. मी मुलांना हे शिकवताना नेहमी थोडा थांबतो.

याच नावाचा एक थर गायीच्या आणि मांजराच्या डोळ्यात असतो, पडद्याच्या मागे. रात्री गाडीच्या उजेडात रस्त्यावरच्या गायीचे डोळे चमकतात ते या सतरंजीमुळे. आलेला उजेड ती परत पडद्यावर टाकते, म्हणून गायीला अंधारात आपल्यापेक्षा बरं दिसतं. माणसाच्या डोळ्यात ती नाही.

'राफी' म्हणजे शिवण. एरंडाची बी हातात घ्या. चकचकीत, ठिपक्यांची, आणि एका बाजूनं वरपासून खालपर्यंत गेलेली बारीक रेघ. बीजांडाचा देठ त्याच्या अंगाला चिकटून वाढला, त्याची ती खूण. तिला राफी म्हणतात.

भाकरी दोन दिवस डब्यात राहिली की येणारी बुरशी बघा. तिच्या तंतूंना हायफी म्हणतात. 'हुफे' म्हणजे विणलेलं जाळं.

एक झाड मात्र तुम्हाला इथे दाखवता येणार नाही. आपल्या कांचनाच्या कुळातलं, भूमध्य समुद्राकडचं सर्सिस. ग्रीक 'केर्किस' म्हणजे बाणा, म्हणजे आडवा धागा, ओवायचं आणि ठोकायचं लांबट साधन, धोटा म्हणा. शेंग चपटी, दोन्ही टोकांना निमुळती, म्हणून झाडाला धोट्याचं नाव.

मेडिको_सेकंडइयर

सर, राफी आमच्याकडेही आहे! जिभेचं टोक टाळूवर मधोमध पुढून मागे फिरवून बघा सगळ्यांनी, एक उंचवटा लागतो. गर्भात टाळूचे दोन भाग दोन बाजूंनी येऊन मधे जुळतात, त्याची ती शिवण. मेंदूच्या देठातही मध्यरेषेवर राफी नावाची केंद्रकं आहेत, सेरोटोनिन बनवणारी.

आणि केर्किस वाचून मी उठून पुस्तक काढलं. प्राचीन ग्रीक वैद्य गेलननं कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाला, म्हणजे रेडियसला, केर्किसच म्हटलंय. ग्रीसमध्ये आजही त्या हाडाला केर्किदा म्हणतात. गंमत म्हणजे लॅटिन 'रेडियस' चे अर्थ चाकाचा आरा आणि धोटा असे दोन्ही आहेत.

आता हे करून बघा. हात टेबलावर ठेवा, तळवा वर. दुसऱ्या हाताची बोटं मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि तळवा पालथा करा. बोटांखालचं हाड दुसऱ्या हाडावरून पलीकडे जाताना जाणवेल. कोपराजवळचं हाड जागेवरच, फिरतो तो धोटा.

निवृत्त_जॉबर

माझा शास्त्राशी संबंध नाही. मुलगी हा धागा मोबाईलवर वाचून दाखवत होती, मी तिला सांगून लिहून घेतोय.

आमची घरची भाषा तेलुगू. मागाला आम्ही मग्गम म्हणतो. उभा-आडवा म्हणजे पडुगु-पेका. बायका कांड्या, म्हणजे धोट्यातल्या सुताच्या नळ्या, भरायच्या, माणसं मागावर. मी पुढे मिलमध्ये गेलो, जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, म्हणून रिटायर झालो. मिलचं नाव सांगत नाही, आता ती नाहीही. त्या बॉटनीच्या सरांनी धोट्याच्या शेंगेचं लिहिलं ते बरोबर आहे. धोट्याची टोकं निमुळती नसली तर ताण्यात अडकतो आणि धागे तोडतो. आकार उगीच नसतो.

माझा थोरला भाऊ पिंजणीच्या खात्यात होता. कापूस फोडतात, पिंजतात, तिथे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या. त्याला एक विचित्र त्रास होता. सुट्टीच्या दिवशी बरा असायचा. सुट्टी संपून कामावर गेला की पहिल्याच दिवशी छाती आवळून यायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी व्हायची. खात्यातले लोक म्हणायचे, आळसानं होतं, सुट्टीची सवय लागली की असं होतं. मुकादमही तेच म्हणायचा. भाऊसुद्धा मग तेच म्हणायला लागला. पुढे पुढे रोजच दम लागायला लागला, जिना चढता येईना. साठीच्या आत गेला.

तुम्ही मंडळी शब्दांचं जाणता. याला काही नाव आहे का?

छातीचा_डॉक्टर

काका, नाव आहे. आणि ते आळसाचं नाही.

बिसिनोसिस. ग्रीक 'बिसॉस' म्हणजे तलम जवसाचं सूत, तलम कापड. कापसाच्या, जवसाच्या बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. भावाचं जे तुम्ही सांगितलंत तेच त्याचं सुरुवातीचं नेमकं लक्षण आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभरात उतरत जाते. इंग्लंडमधल्या गिरण्यांत रविवारची सुट्टी, म्हणून त्याला सोमवारचा ताप म्हणायचे. पुढच्या टप्प्यात तो सगळ्या दिवसांवर पसरतो आणि दम कायमचा होतो. सर्वांत जास्त धोका पिंजणी आणि त्याआधीच्या खात्यांतच असतो, कारण कच्च्या कापसातला पाला-कचरा आणि त्यावरचे जिवाणू तिथे हवेत उडतात. श्वासनळ्या आवळतात त्या त्यामुळे.

हे नाव फ्रेंच डॉक्टर आद्रियाँ प्रूस्त यांनी १८७७ मध्ये वापरलं. सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली तेही १८७७ साली. आजाराला नाव आणि शहराला गिरणी एकाच वर्षी मिळाली, पण ते नाव तुमच्या भावाच्या खात्यापर्यंत कधी पोचलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

ज्यांच्या घरी अजून कुणी सुतात, पिंजणीत, गाद्यांच्या कामात आहे, त्यांनी सुट्टीनंतरच्या दिवशी छातीत काय होतं हे मुद्दाम विचारा. कामाआधी आणि कामानंतर फुंकून करायची तपासणी केली की फरक दिसतो. लवकर कळलं तर थांबवता येतं.

लॅबवाली_सोलापूर

काका, भावाबद्दल वाचून गलबलून आलं. माझे आजोबाही खोकत असायचे आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो. डॉक्टर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या यादीत हा शब्द नव्हता, आणि असायला हवा होता तो हाच.

अक्कलकोटकर

काकांच्या मग्गमवरून. आमच्या घरी कन्नड बोलतात, आम्ही मागाला मग्ग म्हणतो. ताणा-बाण्याला हासु-होक्कु. कन्नडमध्ये एखादी गोष्ट कशाततरी पूर्ण मिसळली आहे असं सांगायचं असेल तर 'हासुहोक्कागि' म्हणतात. म्हणजे तुमचं ओतप्रोतच. सोलापुरात तीन भाषांत एकच गोष्ट असते असं आजी म्हणायची.

शाळामास्तर

नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी काही ठिकाणी फार डोळसपणे काम केलंय, ते इथे नोंदवावंसं वाटतं.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचा शब्द जर्मन शास्त्रज्ञ बेंडा यांनी १८९८ मध्ये केला. मिटॉस म्हणजे मागावरचा धागा, काँड्रॉस म्हणजे दाणा. सूक्ष्मदर्शकात कधी धाग्यासारखे, कधी दाण्यांच्या माळेसारखे दिसतात म्हणून. आपल्या पुस्तकात शब्द आहे तंतुकणिका. तंतू आणि कण. ग्रीकमधलं काही सांडलं नाही.

मायटॉसिस, जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांचा शब्द, १८८२ चा. पेशी विभागताना केंद्रकात धागे दिसतात म्हणून. आपण म्हणतो सूत्री विभाजन. पुन्हा धागा.

क्रोमोसोमचं मात्र उलटं झालं. १८८८ मध्ये वाल्डेयर यांनी नाव दिलं, क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे शरीर, कारण रंग चटकन धरतात. ग्रीक नावात धागा नाही, पण मराठीत आपण गुणसूत्र म्हणून तिथेही धागा घातला. मला हा शब्द मूळ शब्दापेक्षा चांगला वाटतो. रंग धरणं ही लॅबमधली बाब झाली. आई-वडिलांचे गुण ज्या सुतात ओवून येतात ते सूत, हे त्याचं खरं काम आहे.

लॅबवाली_सोलापूर

मास्तर, काँड्रॉसबद्दल एक भर. दाणा, भरड कणी असा अर्थ, आणि पुढे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेची सूज म्हणजे कॉस्टोकाँड्रायटिस, तोच काँड्रॉस.

भाषावेडा

एक दुरुस्ती नव्हे, जोड. टिश्यू आणि टेक्स्टाइल लॅटिन 'टेक्सेरे' वरून, हे ग्रीक नाहीत, धागाकर्तीनंही तसं म्हटलेलं नाही. पण त्याच्या ग्रीक नातलगाचा अर्थ वेगळाच आहे. 'टेक्टॉन' म्हणजे सुतार, आणि संस्कृत 'तक्षन्' म्हणजेही सुतार. एका घरानं विणकाम घेतलं, दोघांनी लाकूडकाम.

आणि सगळीच नावं मागावरची नाहीत, हेही ध्यानात असू द्यावं. माकडहाडाला कॉक्सिक्स म्हणतात, कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याच्या चोचीवरून. आपल्याला तिथे माकडाची शेपूट दिसली, त्यांना चोच. 'कार्पोस' तर दोन आहेत, एक मनगट आणि एक फळ. मनगटातली कार्पल हाडं आणि आंब्याच्या सालीपासून कोयीपर्यंतचं पेरिकार्प, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उच्चार सारखा म्हणून नातं जोडायची घाई करू नये.

बॉटनीवाले_सर

@भाषावेडा, अगदी बरोबर. दरवर्षी एक तरी विद्यार्थी मनगटाचं फळ करतो. चिंचेचं टॅमरिंडस ग्रीक समजणारेही भेटतात. ते अरबी आहे, तमर-हिंदी, हिंदचं खजूर.

लॅबवाली_सोलापूर

शेवटी एक कालची गोष्ट सांगते.

रविवारी माहेरी गेले होते. आईला लॅबमधल्या दोन स्लाइडचे फोटो मोबाईलवर दाखवले, मोठे करून. तिला काय आहे ते सांगितलं नव्हतं. पहिला फोटो स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचा, टेंडनचा. गुलाबी तंतू एकाशेजारी एक, सगळे एकाच दिशेला, मधे मधे चपट्या जांभळ्या पेशी ओळीनं. आईनं चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला आणि म्हणाली, "हा नुसता ताणा आहे. बाणा भरलाच नाही अजून."

दुसरा फोटो कातडीच्या आतल्या थराचा. तंतू तेच, पण सगळ्या दिशांना गेलेले. म्हणाली, "हा मागावरचा नाही. असा मागावर येणारच नाही." चाळीस वर्षं कांड्या भरलेल्या डोळ्यांनी दोन्ही बरोबर ओळखले. टेंडनवर ओढ एकाच बाजूनं येते, म्हणून धागे एकाच दिशेचे. कातडी कुठूनही ओढली जाते, म्हणून तिथे दिशा ठरलेली नाही.

रात्री घरी येऊन टेंडनचं मूळ शोधलं. ग्रीक 'टेनॉन', ताणणे या अर्थाच्या 'टेइनेइन' पासून. संस्कृतातला 'तन्' हा त्याचा भाऊ, आणि तंतू त्याच 'तन्' चा. आईनं उच्चारलेला ताणाही त्याचाच.